चव न बघितलेली करंजी

माझ्या स्वभावात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. दुसऱ्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. म्हणायला म्हणून नाही, खरोखरचं दुखतं, बेंबीच्या जरा वर. ह्यांनी एकदा ॲसिडिटी समजून मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी त्या घेतल्याही. त्याच आठवड्यात माझ्या जावेने पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला होता, हे काही मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

आम्ही रास अल खैमाला राहतो, दुबईच्या पलीकडे. हे इथल्या एका टाइल्सच्या कारखान्यात आहेत, बावीस वर्षं झाली. मी गेली सहा वर्षं समुद्रकाठच्या शनिवारच्या बाजारात टेबल लावते. पुरणपोळी, चकली, शंकरपाळे आणि माझी खरी खासियत म्हणजे मटारची तिखट करंजी. पाच दिरहमला एक. गिऱ्हाईक आपल्याकडचं असलं की ते आधी मोठ्यांदा हिशेब करतं, "म्हणजे एकशे वीस रुपये?" आणि मग माझ्याकडे असं बघतं, जशी काही मी त्याची सोनसाखळीच ओढली.

बाजार फक्त हिवाळ्यात भरतो. एप्रिल संपत आला की उन्हापुढे कुणी बाहेर पडत नाही, खलास. पुढचे सहा महिने माझा धंदा म्हणजे ओळखीतल्या चार घरांच्या ऑर्डरी. त्यात ह्यांची दोनच वर्षं राहिलेली. इथे ह्यांची नोकरी म्हणजे माझा व्हिसा. नोकरी संपली की बावीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा आणि निघायचं. मला निघायचं नव्हतं. माझ्या नावावर बारमाही दुकान आणि लायसन्स असतं तर राहता आलं असतं. माझ्या डोक्यात हे सतत चालू असायचं.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या कमिटीने एक नवी पद्धत काढली. कमिटीच्या प्रमुख बाई इथल्याच, आम्ही ज्यांना लोकल म्हणतो त्यांपैकी. गावातले छोटे धंदे वाढले तर गाव वाढेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक जुन्या विक्रेत्याने एका नव्याचा हात धरायचा, सीझनभर त्याला सगळं दाखवायचं. त्या वर्षी नव्यांमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. मेक्सिकोची एक, पेरूची एक, आणि माझ्या वाट्याला आलेली कोलंबियाची. तिचा नवरा इथल्या एका रिसॉर्टमध्ये शेफ. वय पस्तिशीचं, केसांचा हा एवढा अंबाडा, आणि सारखं हसणं. मला ती सेन्योरा म्हणायची, म्हणजे स्पॅनिशमधलं बाईसाहेब. मी तिला मनात कोलंबियावाली म्हणायचे.

ती एम्पनाडा करायची. पहिल्यांदा तिने डबा उघडून दाखवला तेव्हा मी बघतच राहिले. करंजी! मक्याच्या पिठाची, पिवळी, आत बटाटा नाहीतर चिकन, पण आकाराने चक्क करंजी. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, आजीने. मी म्हटलं, मलाही. आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये चालायचं, तिचं एका बाजूने मोडलेलं, माझं दुसऱ्या बाजूने.

खोटं कशाला बोलू, मी तिच्यासाठी मनापासून राबले. टायपिंग सेंटरमध्ये नेऊन तिचे अरबी फॉर्म भरून घेतले. फूड सेफ्टीच्या ट्रेनिंगला सोबत बसले. तपासणीला येणारे लोक काय बघतात, लेबलवर काय काय लिहावं लागतं, मक्याचं पीठ स्वस्त कुठे मिळतं, सगळं सांगितलं. ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची आणि मी करंज्या करताना बघत राहायची. वही नाही, काही नाही, नुसती बघायची. तिच्या एम्पनाडाच्या कडा काट्याने दाबलेल्या असायच्या. मी म्हटलं, थांब, हे बघ, आणि तिला मुरड घालायला शिकवली. मक्याचं पीठ मुरडीला तयार होईना, सारखं तडकायचं. तिने थोडा मैदा मिसळला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याहून सुबक मुरड घालून आली. तेव्हा मी कौतुक केलं. पोटात अजून काही नव्हतं.

दुखणं सुरू झालं पहिल्या शनिवारी.

चारला बाजार उघडला आणि सव्वाचारला तीन गाड्या आल्या. दुबई मरीनाहून, सव्वा तासाचा रस्ता करून, दहाबारा बायका. सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या. त्यांचा एक ग्रुप होता. त्यांच्यातल्या कुणीही धंदा काढला की पहिल्या दिवशी सगळ्यांनी जायचं, रांगेत उभं राहायचं आणि पूर्ण पैसे देऊन घ्यायचं, हा त्यांचा नियम. एकीने बोर्ड रंगवून आणला होता. एक फोटो काढत होती. एकजण तर हिचीच स्पर्धक म्हणायची, तिचाही दुबईत एम्पनाडाचाच स्टॉल, पण ती इथे हातात पिशव्या धरून मदतीला उभी. आठ दिरहमला एक एम्पनाडा, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये, आणि साडेपाचला तिचा माल संपलासुद्धा.

लोक तिच्या टेबलावर वाकून म्हणत होते, "हाऊ प्रिटी, लुक ॲट द एजेस." अहो, त्या कडा माझ्या होत्या!

माझ्या टेबलापाशी त्याच वेळी आमच्या मराठी मंडळातल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी करंजीचा नमुना खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाल्या, "छान आहे हो. मी घरीच करते, पण हल्ली वेळच होत नाही." आणि गेल्या. आमच्या मंडळाची तीच तऱ्हा. दिवाळीत मला फोन करून फराळाचा भाव विचारतात, कमी करायला लावतात, आणि शेवटी शारजाच्या केटररला ऑर्डर देतात. मी कोलंबियावालीकडे बघत होते. तिच्या विक्रीचा हेवा वाटला, तो तर वाटलाच. पण त्या दहाबारा बायकांचा त्याहून जास्त वाटला. इतक्या वर्षांत माझ्यासाठी सव्वा तास गाडी कुणी चालवली होती?

घरी आल्यावर मी भांडी आपटत होते. मुलगी म्हणाली, "आई, यू आर सो जेलस." मी म्हटलं, मराठीत बोल. ती म्हणाली, "देअर इज नो डिफरन्स, आई." हे पेपरमागे हसले, ते मला दिसलं.

त्यानंतर सीझनभर माझं हेच चाललं. तोंडाने गोड, आतून जळफळाट. ती काही विचारायला आली की उत्तर द्यायचे, पण विचारलं तेवढंच, त्यापुढे एक अक्षर नाही. तिला कळलं की नाही कोण जाणे. दर शनिवारी निघताना ती माझ्या गालाला गाल लावायची, आणि मी खांब झाल्यासारखी उभी राहायचे.

मार्चमध्ये प्रमुख बाईंनी जाहीर केलं, समुद्रकाठच्या वॉकवर, बाजाराच्या समोरच, एसीचा एक पक्का गाळा बांधून झाला आहे. बाजारातल्या एका विक्रेत्याला तो वर्षभर बिनभाड्याने मिळणार, लायसन्सही त्याच्या नावावर. अर्ज करा, चाळणी लावू, आणि शेवटी सप्टेंबरात चव बघून ठरवू. मला तर तो गाळा माझ्यासाठीच बांधल्यासारखा वाटला. उन्हाळाभर मी स्वप्नात त्याला पडदे लावत होते. ऑगस्टच्या शेवटी दोन नावं उरली. एक माझं. दुसरं कुणाचं ते सांगायला नकोच.

आणि चव बघायचा दिवस आला नेमका गौरीजेवणाचा.

तारीख बदलून मागावी असं हे म्हणाले. मी म्हटलं, काही नको, उगाच अडचणी सांगणारी बाई वाटेन. कमिटीची वेळ साडेदहाची होती. आमचे गुरुजी दुबईतली तीन घरं करून येणार होते, म्हणजे नैवेद्य बाराच्या आत नाही. मी पहाटे उठून सगळा स्वयंपाक एका हाती केला, करंज्या तेवढ्या ताज्या तळायच्या म्हणून शेवटी ठेवल्या. करंजीचं सारण एकच, देवीलाही तेच आणि कमिटीलाही तेच. देवीचं आधी बाजूला काढून झाकून ठेवायचं, मग कमिटीचं.

आता आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकाची चव बघत नाहीत. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि मी ते आजवर मोडलेलं नाही. वास घ्यायचा नाही, बोट चाटायचं नाही. मीठ हाताच्या अंदाजाने. पण मग नैवेद्याआधी बाहेरच्यांनी खाल्लेलं चालतं का? हे सासूबाईंना फोन करून विचारायचं मला धाडस झालं नाही. देवीचं बाजूला काढलं की मग बाहेरच्यांच्या तोंडी गेलं तर चालेल, माझ्या तोंडी जाता कामा नये, असा एक सोयीस्कर नियम मी माझ्यापुरता करून टाकला.

मला न्यायला कोलंबियावाली आली होती. गाडी तिची, आणि दोघींनी एकत्र जायचं तिनेच ठरवलेलं. तिच्या ट्रेमध्ये चिकन होतं म्हणून ते तिने वर आणलं नाही. तिचा नवरा मांडीवर ट्रे घेऊन खाली गाडीत एसी लावून बसला होता. चपला बाहेर काढून ती आत आली, गौरीपुढे हात जोडले, आणि नेहमीच्या स्टुलावर येऊन बसली. मी सारण परतत होते. तिने सवयीने चमचा उचलला.

"नको," मी तिचा हात धरला. "आज चव बघायची नाही. आधी देवी जेवणार."

तिने चमचा लगेच खाली ठेवला. मग मी वाटणात गुंतले, मध्येच फोन आला, गुरुजींचा, मध्येच दूध उतू गेलं. करंज्या भरून तळून झाल्या, देवीच्या बाजूला झाकून ठेवल्या. मी डबा बांधत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "सेन्योरा, आज तू मीठ नाही घातलंस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आज, निघायच्या वेळी, हे सुचलं हिला? माझे हातपाय गळावेत म्हणून? मी म्हटलं, "तीस वर्षं करतेय मी ह्या करंज्या. माझा हात मला माहीत आहे."

"मी बघत होते," ती म्हणाली. "रोज तू आलं घातलं की मीठ घालतेस. आज आलं घातलंस आणि फोन आला."

"घातलंय मी," मी म्हटलं. "यल्ला, चल, उशीर होतोय." तिने माझा डबा उचलला आणि चपला घालायला गेली.

कमिटीच्या हॉलमध्ये दोन टेबलं शेजारी शेजारी मांडली होती. मी केळीचं पान पसरलं, त्यावर करंज्या लावल्या, बाजूला पुरणपोळी. लावून होतंय तोच माझ्या पानाच्या कडेला एक वाटी आली. तिची ती हिरवी चटणी, आही म्हणतात तिला, मिरची, कोथिंबीर, व्हिनेगर आणि भरपूर मीठ. तिनेच आणून ठेवली होती. म्हणाली, "ह्याच्याबरोबर छान लागेल."

म्हणजे माझ्या पानावरही हिचीच चटणी? माझी मुरड घेतलीस, आता माझं पानही घे. मी वाटी उचलली आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. "आपापलं आपापल्या टेबलावर," मी म्हटलं. आणि हसले, कारण प्रमुख बाई बघत होत्या.

पाच जण होते. त्यांनी माझी करंजी उचलली, चावली, एकमेकांकडे बघितलं नाही. सभ्य माणसं. प्रत्येकाने अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी कागदी रुमालात ठेवली. पाचही रुमाल मला अजून दिसतात. पुरणपोळीचं त्यांनी कौतुक केलं. मग ते पलीकडच्या टेबलावर गेले, आणि तिथे एकाने दुसरी एम्पनाडा मागून घेतली.

घरी आले तेव्हा गुरुजी पोचले होते. आरती झाली, नैवेद्य दाखवला, पानं वाढली. मी करंजी तोडून तोंडात घातली.

मीठ नव्हतं. कणभरसुद्धा नव्हतं.

हे खाली मान घालून जेवत होते. मुलीने अर्धी करंजी पानाच्या कडेला सारली. मी देवीकडे बघितलं. तिच्या पानातही तेच होतं. मग मला ती वाटी आठवली. खारट चटणीची, मी माझ्या हाताने उचलून परत नेऊन ठेवलेली. तिने मला दोनदा वाचवायचा प्रयत्न केला होता, आणि दोन्ही वेळा मी तिला चोर समजले होते. मी उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धुतलं.

गाळा तिला मिळाला. चार दिवसांनी प्रमुख बाईंचा फोन आला, फार गोड बोलल्या, पुढच्या वर्षी अजून गाळे निघतील, इन्शाल्ला. मी कोलंबियावालीला अभिनंदनाचा मेसेज केला, फुलांच्या चित्रासकट. सॉरी लिहायला गेले आणि खोडलं. तसं तीनदा खोडलं. गाळा तिला मिळाला ह्याचं दुखत होतंच, पण ती बरोबर होती ह्याचं त्याहून जास्त दुखत होतं.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. मी माझ्या जुन्या जागी टेबल लावत होते. समोर तिचा गाळा, काचेचं दार, रंगवलेली पाटी, आत दोन मोठी पातेली. दुबईच्या गाड्या आज पाच आल्या होत्या. बायका दाराबाहेर रांग लावून उभ्या, त्यांच्यामागे गावातलं गिऱ्हाईक, दार उघडायला अजून वीस मिनिटं होती. कमिटीची सगळी माणसं आली होती, वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफरही. मी पाठ फिरवून चकल्या लावत बसले.

"सेन्योरा."

ती माझ्या टेबलापाशी उभी होती, ॲप्रन घालून, हातात बशी. बशीत एकच एम्पनाडा, बटाट्याची, वाफ निघत होती. माझीच मुरड.

"ही पहिली," ती म्हणाली. "अजून कुणी खाल्ली नाही. मीपण चव बघितली नाही, सारणाचीसुद्धा नाही." मग जरा लाजून म्हणाली, "आधी तू. तुमच्याकडे असतं तसं."

ही बाई, जी आयुष्यात चमचा चाटल्याशिवाय पातेल्यावर झाकण ठेवत नाही, ती आज पन्नास माणसांची रांग दाराशी असताना चव न बघता माझ्याकडे आली होती. मी देवी आहे काय? मी तर तिच्यावर वर्षभर जळले होते.

मी तुकडा तोडून तोंडात घातला.

मीठ नव्हतं.

नवं मोठं पातेलं, मनावरचा ताण, आणि वर माझ्यापायी चव न बघणं. बटाटा गोडसर, मऊ आणि अळणी. मी चावत राहिले. तिच्या मागे रांग दिसत होती, कॅमेरा दिसत होता, प्रमुख बाई घड्याळ बघत होत्या. मला फक्त "छान" म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. खोटंही कुणाला कळलं नसतं. पाच कागदी रुमाल माझे, पन्नास तिचे. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि मी ते चांगला पुरेसा वेळ मनात ठेवलं. ते लपवून काय करू?

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, अगदी हात जोडून गौरीपुढे उभी होती तशी.

"मीठ नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. मी टेबलाखालचा माझा मिठाचा डबा काढला, तिचा हात धरला आणि रांग ओलांडून, काचेचं दार ढकलून तिच्या गाळ्यात शिरले. पातेल्यात मीठ तीच घालत होती, मी ढवळत होते. दुसऱ्या मुठीनंतर तिने चमचा भरला आणि आधी माझ्यापुढे धरला. मी तो तिच्याच तोंडाकडे वळवला.

बाहेर आले तेव्हा पोटात दुखत होतं. बेंबीच्या जरा वर, नेहमीच्याच जागी. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले, आठ दिरहम हातात धरून.